बटन पहिल्या ओळीतलं

सोमवार, एक सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या कार्यालयातलं ‘मंजूर’ हे बटन हरवल्याचं निदर्शनास आलं. मी तातडीने संबंधित टेबल, टेबलाखालची जागा आणि लगतची दोन कपाटं यांची पाहणी केली. बटन कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं आहे, ते कपाटात जाऊन बसणार नाही, हे मलाही कळतं. पण वस्तू हरवली की आधी कपाट बघायचं ही आमच्याकडची कार्यपद्धती आहे आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत ती मी एकदाही मोडलेली नाही.

मी वैजनाथ, एकत्रित दाखला वितरण कक्ष, शेवगाव इथला वरिष्ठ लिपिक. लोक अर्ज आणतात, मी तो तपासतो आणि बटन दाबतो. पूर्वी एका दाखल्यासाठी कॉम्प्युटरवर सतरा खिडक्या उघडाव्या लागायच्या. सोळावी उघडेपर्यंत पहिली बंद पडायची. मग आमच्याकडे कंत्राटी ऑपरेटर म्हणून भिंगारची रश्मी आली. तिने कोणीही न सांगता, म्हणजे नियमबाह्य पद्धतीने, एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्याच्या वरच्या बाजूला एक पट्टी आणि पट्टीवर चार बटनं: नवीन, शोधा, परत, मंजूर. एक बटन दाबलं की सतराच्या सतरा खिडक्या आपोआप उघडून आपोआप मिटायच्या. दाखला दोन मिनिटांत लोकांच्या हातात पडू लागला. कार्यालयात शुकशुकाट झाला आणि समोरच्या चहावाल्याने आमच्याविरुद्ध तोंडी तक्रार केली.

इतकी चांगली गोष्ट उद्घाटनाविना वापरात आहे हे साहेबांच्या जिव्हारी लागलं. सव्वीस जानेवारीला पट्टीच्या अगदी डावीकडे, सर्वांत पहिलं, ‘शुभेच्छा’ हे बटन बसवण्यात आलं. त्यावर साहेबांचा फोटो होता आणि ते दाबलं की साहेबांचा चौदा सेकंदांचा संदेश ऐकू यायचा. नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डमध्ये गेलं आणि ‘क्ष’ हे अक्षर कायमचं बंद झालं. एक मेला साहेबांच्या शेजारी ‘मान्यवर’ आलं. पंधरा ऑगस्टला स्वच्छतेची ‘शपथ’ आली. हे सगळं झाल्यावर कर्मचारी संघटनेने काळ्या फिती लावायचा इशारा दिला, म्हणून ‘संघटना’ हे चौथं बटन आलं. त्यावर संघटनेच्या तालुका सचिवांचा फोटो आहे. तालुका सचिव कोण हे सांगणं इथे अप्रस्तुत आहे. मीच आहे.

प्रत्येक नवं बटन मानाने पुढे बसलं, तशी कामाची चार बटनं उजवीकडे सरकत गेली. आणि एक सप्टेंबरला ‘मंजूर’ पडद्याच्या कडेवरून पलीकडे पडलं. शेवटचं दिसणारं बटन उरलं ‘परत’.

ही गोष्ट आम्हाला कळली ती गोजरबाईमुळे. अमरापूरच्या पुढच्या एका वस्तीवरून आलेली, सत्तरीची बाई. तिची नात संस्कृती हिला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळत होती, फक्त मुलगी लांबची आहे याचा पुरावा हवा होता, म्हणजे रहिवासी दाखला. मुदत होती शुक्रवार, एकोणीस सप्टेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत.

“सायेब, आमी लांब ऱ्हातो एवढंच लिवून द्या,” गोजरबाई म्हणाली. “हितं यायलाच दोन गाड्या बदलल्या मी.”

अर्ज चोख होता. इतका चोख अर्ज मी फार दिवसांनी बघितला. मंजूर करायला गेलो तर बटनच नाही. आता माणसाने काय करावं? समोर अर्ज आहे, हातात माऊस आहे, पडद्यावर ‘परत’ आहे. मी ‘परत’ दाबलं. अर्ज परत पाठवायला कारण निवडावं लागतं. यादीत पहिलं कारण होतं ‘छायाचित्रात अर्जदार हसत आहे’. संस्कृती फोटोत खरंच थोडी हसत होती.

दुपारी रश्मीने पट्टी बघितली आणि एका मिनिटात निदान केलं.

“सर, बटन हरवलेलं नाही. पट्टीवर मावत नाही म्हणून बाहेर गेलंय. पट्टी तयार करताना मी तिच्या स्टाइलचा आकडा दिला होता, २०४८. त्याने बटनं सपाट दिसतात, बस्स. मावली नाहीत तर खालच्या ओळीत या, असं त्यांना सांगायचं राहिलं. त्यात ५१२ मिळवले की पट्टी दोन ओळींची होईल. एका ओळीची दुरुस्ती आहे, करू?”

“अगं, थांब! असं कसं करशील?” मी म्हणालो. “टिपणी ठेवावी लागेल.”

मी टिपणी ठेवली. साहेब रोज नगरहून अप-डाऊन करतात. साडेअकराला येतात आणि चारला निघतात. मधल्या वेळेत त्यांनी टिपणी तीनदा वाचली आणि आम्हाला आत बोलावलं.

“दोन ओळी म्हणजे काय?” साहेबांनी विचारलं. “वरच्या ओळीत कोण आणि खालच्या ओळीत कोण?”

“शेवटची बटनं खाली येतील, सर,” रश्मी म्हणाली. “आत्ता फक्त ‘मंजूर’ येईल.”

“आत्ता. पण उद्या गांधी जयंतीला आणखी एक आलं तर? ‘संघटना’ खाली गेली तर चालेल का हो, वैजनाथ?”

मी संघटनेच्या वतीने तीव्र नापसंती व्यक्त केली.

“मग फोटो लहान करते,” रश्मी म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे बघितलं. त्या विषयावर पुढे चर्चा झाली नाही. मग ती म्हणाली की ‘मंजूर’ कीबोर्डच्या एखाद्या कळीला जोडून देते, बटन लागणारच नाही. मी तिला समजावलं की बटनाशिवाय दिलेली मंजुरी ही तोंडी मंजुरीसारखी असते, उद्या चौकशी लागली तर दाखवायचं काय? पोरगी हुशार होती, पण तिला कार्यालय ही गोष्ट कळत नव्हती.

“आणि हे पाचशे बाराच का?” साहेबांनी टिपणीवर पेन टेकवलं. “वरचे बारा कशासाठी? पाचशे करा. सरळ आकडा आहे. वर विचारलं तर सांगता येतं.”

“सर, ते तसं चालत नाही. प्रत्येक आकड्याचा वेगळा अर्थ…”

“मॅडम, एकूण प्रस्ताव मी नाकारत नाहीये. बारा कमी करतोय. पाचशेला मान्यता.”

साहेबांची सही झाली. रश्मीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी चष्मा पुसायला घेतला. तिने पाचशे मिळवले. पडदा एकदा लुकलुकला आणि आडवी पट्टी उभी झाली. पाचशेच्या पोटात, रश्मीच्या म्हणण्याप्रमाणे, उभं करण्याचा आकडा कुठेतरी दडलेला होता.

खरं सांगतो, उभी पट्टी साहेबांना पाहताक्षणी आवडली. सर्वांत वर साहेब, त्यांच्याखाली मान्यवर, त्यांच्याखाली शपथ, त्यांच्याखाली आम्ही. आडव्या पट्टीत डावा मोठा की उजवा मोठा असा घोळ होता, उभ्या पट्टीत कोण कोणाच्या डोक्यावर आहे हे निरक्षर माणसालाही कळत होतं. ‘मंजूर’ आता उजवीकडून पडायच्या ऐवजी खालून पडलं होतं, एवढाच काय तो फरक. रश्मीने तो निदर्शनास आणला. साहेब म्हणाले, टप्प्याटप्प्याने बघू.

पण स्वच्छतेच्या शपथेचा झाडू बरोबर माझ्या फोटोच्या डोक्यावर येत होता. संघटना हे सहन करू शकत नाही. मी लेखी निषेध नोंदवला, साहेबांशी चार दिवस बोललो नाही आणि नवव्या दिवशी पट्टी पुन्हा आडवी झाली. त्या नऊ दिवसांत गोजरबाई दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी तिला पाणी दिलं आणि अर्ज परत दिला. दुसऱ्यांदा संस्कृतीचा न हसणारा फोटो लावला होता, म्हणून ‘छायाचित्र जुळत नाही’ हे कारण द्यावं लागलं.

कार्यालयाची कामगिरी मात्र दृष्ट लागण्यासारखी होती. परत पाठवलेला अर्ज हा निकाली काढलेला अर्ज धरतात. आलेला प्रत्येक अर्ज त्याच दिवशी परत जात होता, त्यामुळे प्रलंबित प्रकरणं शून्य. ‘शून्य प्रलंबितता’ या विषयावर साहेबांना नगरला भाषण द्यायला बोलावलं आणि त्या दिवशी ते शेवगावला आलेच नाहीत.

लोक मात्र चिडले. बुधवारी, सतरा तारखेला, नागरिक हक्क मंचाचे अध्यक्ष सुनीलभाऊ पंधरा-वीस माणसं घेऊन कार्यालयावर आले. सुनीलभाऊ पांढरे कपडे घालतात आणि कुठेही गेले तरी मोबाईलवर कोणीतरी त्यांचं थेट प्रक्षेपण करत असतं. त्यांच्या उजव्या हाताला गोजरबाईचा मुलगा मच्छिंद्र होता, म्हणजे संस्कृतीचा बाप. लई तापलेला होता.

“तीन येळा परत?” मच्छिंद्रने माझ्या टेबलावर हात आपटला. “माझी आई काय चेंडू हाय व्हय, निस्ता टोलवायला?”

“नागरिकांचा अपमान खपवून घेतला जाणार न्हाई!” सुनीलभाऊ मोबाईलकडे तोंड करून म्हणाले.

मी मनात म्हणालो, आता झालं. आता ‘मंजूर’ परत आणावंच लागणार. पण साहेब तीस वर्षं उगाच नोकरीत नाहीत. त्यांनी सगळ्यांना आत बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, “भाऊ, तुमचं दुःख मला समजतं. या पट्टीवर सगळे आहेत, मी आहे, संघटना आहे, पण नागरिकच नाही. ही आमची चूक. तुमचं बटन बसवू. तुमच्या फोटोसह. आणि पहिल्या ओळीत!”

सुनीलभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

“पहिल्या ओळीत?”

“पहिल्या ओळीत. मुळात आपल्याकडे ओळ एकच आहे.”

अर्ध्या तासात उद्घाटन झालं. ‘नागरिक’ हे बटन पट्टीच्या शेवटी, ‘मंजूर’च्याही पलीकडे बसलं. अर्थात ते कोणालाच दिसलं नाही. रश्मीने मॉनिटरच्या उजव्या कडेपासून साधारण वीतभर बाहेर, हवेत, बोट दाखवलं. सुनीलभाऊंनी त्या हवेला हार घातला. हार मच्छिंद्रने धरून ठेवला होता, नाहीतर तो खाली पडला असता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाखल्याचं काय, हे विचारायचं राहून गेलं.

गोजरबाई तेवढी दारात उभी होती. “मच्छ्या, आरं कागुद?” तिने विचारलं.

“हुतंय आये. आता आपलं बटन हाय आत,” मच्छिंद्र म्हणाला.

आता शुक्रवार, एकोणीस. हा दिवस मला नीट सांगितला पाहिजे, कारण तो मला अजून टोचतो.

साहेब त्या दिवशी नगरलाच बैठकीला होते. गोजरबाई सकाळी नऊपासून बाकावर बसलेली. तिच्याशेजारी संस्कृती होती. मोबाईल हातात, वसतिगृहाचा अर्ज उघडलेला, फक्त दाखल्याचा फोटो चढवायची जागा रिकामी. एकच्या सुमारास रश्मी माझ्या टेबलाशी आली. तिचा चेहरा बघून मी ओळखलं.

“सर, मी ५१२ टाकलेत. सही नाही, टिपणी नाही, काही नाही. माझं कंत्राट गेलं तरी चालेल. तुम्ही फक्त दाबा.”

पडद्यावर दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत साहेब, मान्यवर, शपथ, मी, नवीन, शोधा, परत. आणि खालच्या ओळीत, अठरा दिवसांनी, ‘मंजूर’. त्याच्या बाजूला सुनीलभाऊंचा हसरा फोटो. ‘मंजूर’ बघून मला बरं वाटलं. जुना सहकारी बदलीहून परत आल्यासारखं वाटलं. मी गोजरबाईचा अर्ज उघडला आणि माऊस त्या बटनावर नेला.

तेवढ्यात घड्याळात एक वाजला.

एक ते दोन आमची जेवणाची सुट्टी असते. त्या वेळेत दिलेली मंजुरी पुढे कोणी आव्हान दिलं तर टिकत नाही, असं माझं मत होतं आणि आहे. मी गोजरबाईला म्हणालो, “मावशी, काम झालंच म्हणून समजा. बरोबर दोनला पहिला तुमचाच.” डबा घेऊन रश्मी बाहेर गेली, पण तिने तो उघडला नाही.

पाऊणच्या गाडीने मच्छिंद्र आईसाठी भाकरी घेऊन निघाला होता, तो दीडला पोचला. त्याने खिडकीतून माझ्या पडद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“आये, बघ! भाऊंचं बटन दिसाया लागलं!”

मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. त्याने बोटाने ओळी मोजल्या. एक. दोन.

“ह्ये खाली कसं काय आलं?”

त्याने फोन लावला आणि दोनला पाच मिनिटं कमी असताना सुनीलभाऊ आले. दोनला माझ्या टेबलाभोवती तीस माणसं मांडी घालून बसलेली होती. ‘नागरिकांना दुसरी ओळ? चालणार न्हाई!’ अशी घोषणा होती आणि ती मच्छिंद्र देत होता, कारण त्याचा आवाज मोठा आहे.

“भाऊ, आधी तुमचं बटन दिसतच नव्हतं,” रश्मी ओरडून सांगत होती. “आता निदान दिसतंय!”

“दिसत नव्हतं, पण पहिल्या ओळीत हुतं!” सुनीलभाऊ म्हणाले. “आमाला दिसायची हौस न्हाई, ताई. आमाला मान पायजे.”

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘पूर्ववत करा’ एवढे दोनच शब्द बोलले.

“सर, एक मिनिट,” रश्मी माझ्या खुर्चीला धरून म्हणाली. “फक्त एक क्लिक. मग मी काढते. सर, अर्ज उघडाच आहे!”

माऊसवर माझा हात होता. बटन चार बोटांवर होतं. पण तीस माणसं आणि सुरू असलेला मोबाईल समोर असताना आदेशानंतर एक क्लिक करायची हिंमत मला झाली नाही. खोटं कशाला बोलू?

गोजरबाई गर्दीतून वाट काढत मुलापर्यंत आली. तिने त्याचा दंड धरला. “आरं मच्छ्या, ऊठ! तुझ्याच पोरीचा कागुद हाय त्यो. येवढा होऊ दे, मग बस की दिवसभर!”

“आये, तू मधी बोलू नको,” मच्छिंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला. “इज्जतीचा प्रश्न हाय. आपल्या मानसाला खाली टाकलंय. कागुद काय, उद्या बी भेटंल.”

संस्कृती बाकावरून उठली नव्हती. ती बापाकडे बघत होती. मोबाईल तिने तोवर बंद करून पिशवीत टाकला होता.

दोन वाजून बावीस मिनिटांनी रश्मीने ५१२ काढले. खालची ओळ गेली. ‘मंजूर’ गेलं, सुनीलभाऊही गेले, दोघं पुन्हा पडद्याबाहेर, पहिल्या ओळीत. टाळ्या झाल्या, सुनीलभाऊंना खांद्यावर उचललं आणि मच्छिंद्रला गुलाल लागला. मी पडद्याकडे बघितलं. गोजरबाईचा अर्ज तसाच उघडा होता आणि शेवटचं बटन होतं ‘परत’.

रश्मीला कारणे दाखवा नोटीस निघाली. तिने एका ओळीचं उत्तर दिलं, ‘कारण पडद्यावर दिसत होतं’, आणि भिंगारला निघून गेली. जाताना तिने माझ्या कीबोर्डखाली चिठ्ठी ठेवली: प्रोग्रामची सतरावी ओळ, २०४८ च्या पुढे अधिक ५१२. चिठ्ठी माझ्या खणात आहे. आदेश आला की मी लगेच करणार आहे.

संस्कृतीचं कॉलेज सुटलेलं नाही, हे सांगायला मला आनंद वाटतो. ती पहाटेच्या एसटीने नगरला जाते आणि संध्याकाळी परत येते. साहेब चारला शेवगावहून निघतात, तिची गाडी नगरहून निघते, दोघांची गाठ करंजीच्या घाटात पडते. ती वसतिगृहासाठी पुरेशी लांब राहते हे आता त्या गाडीच्या कंडक्टरलाही माहीत आहे. फक्त त्याच्याकडे दाखल्याचा शिक्का नाही.

तिची गाडी जिथे लागते त्या स्टँडसमोर एक मोठा फ्लेक्स आहे: ‘ऐतिहासिक धरणे यशस्वी! नागरिक पहिल्या ओळीत!’ त्यावर एकेचाळीस फोटो आहेत. मच्छिंद्र तिसऱ्या रांगेत आहे, गुलाल लावलेला. पोरगी रोज पहाटे बापाच्या फोटोखाली उभी राहून गाडीची वाट बघते. सहकार्याबद्दल आभार म्हणून माझाही फोटो घेतलाय, पण अगदी खालच्या कोपऱ्यात, शौचालयाच्या बाणाशेजारी. मी याबाबत सुनीलभाऊंना लेखी कळवलं आहे.

तुम्हाला आता मच्छिंद्रचा राग आला असेल. माझाही आला असेल, आणि तो यायलाच हवा. पण कधी शेवगावला आलात तर स्टँडवर या, फ्लेक्ससमोर उभे राहा आणि बघा तुमची नजर आधी कुठे जाते. किंवा इतक्या लांब कशाला येता? घरात लग्नाची पत्रिका आली असेल. ती हातात घेऊन आठवा, तुम्ही आधी मुहूर्त वाचला होता की आपलं नाव कुठल्या ओळीत छापलंय ते? मुलीचं नावसुद्धा नंतरच वाचलं असेल.